मापात पाप नको

हुपरीत चांदी तोलल्याशिवाय कुणी हातात घेत नाही. कारखानदार मजुराला चांदी देतो ती वजन करून, आणि मजूर पैंजण घडवून परत आणतो तेही काट्यावर जातात. घट किती धरायची, टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, किती राखायचा, मजुरी किलोला किती, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. समोर सख्खा भाऊ असला तरी मध्ये काटा असतो, आणि काटा ठेवला म्हणून भाऊ रागावत नाही. उलट काट्याशिवाय चांदी घ्यायला भाऊच तयार होणार नाही.

मी याच गावचा. बांधकामाचं मोजमाप, अंदाजपत्रक, दर आणि बिलं हे माझं काम. आमच्या क्षेत्रात हे काम करणाऱ्याला क्वांटिटी सर्व्हेअर म्हणतात. गावी परत आल्यापासून एक गोष्ट मला सतत टोचत आली आहे. ग्रॅमचा हिशेब ठेवणारी ही माणसं घर बांधायला निघाली की काटा बाजूला ठेवतात. आयुष्यभराची कमाई आणि वर बँकेचं कर्ज, एवढा व्यवहार ‘फुटाला अमुक’ या एका आकड्यावर ठरतो. त्या फुटात काय काय येतं, फूट कुठून कुठवर मोजायचा, दर वाढला तर कुणी सोसायचा, यातलं काहीच कागदावर नसतं. ठेकेदार बहुतेक वेळा पै-पाहुण्यातलाच. त्याच्याकडे माप मागायचं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. मग घर अर्ध्यावर आलं की पैसा संपतो, आणि पैशाबरोबर नातंही.

गारगोटीच्या आयसीआरईमध्ये मी डिप्लोमा केला. एस्टिमेटिंगचा तास आणि बी. एन. दत्तांचं जाडजूड पुस्तक पुष्कळ मुलांना रटाळ वाटायचं, मला मात्र तिथंच गोडी लागली. पुढं पुण्यात आणि मग मस्कतला मोठ्या इमारतींवर काम केलं. तिथं कुठलंही काम मोजल्याशिवाय बिलात चढत नसे. ठेकेदाराचा एक सर्व्हेअर, मालकाचा एक, दोघं मिळून टेप धरायचे आणि एकाच कागदावर सह्या करायचे. त्यात कुणाचा अपमान होत नव्हता. ही पद्धत जुनी आहे. लंडनमध्ये सर्व्हेअरांची संस्था 1868 साली उभी राहिली. आपल्याकडे 1854 मध्ये सार्वजनिक बांधकाम खातं निघालं. या खात्याची मापवही आजही चालते आणि गावातलं साधं गटार बांधलं तरी मापवहीत लांबी, रुंदी, खोली चढल्याशिवाय पैसे निघत नाहीत. घरकुल योजनेतसुद्धा हप्ता मिळतो तो पाया, छत असे टप्पे पूर्ण झाल्याचे फोटो चढवल्यावर. म्हणजे सरकार स्वतःचा पैसा मोजून देतं, बँकही कर्जाचा हप्ता टप्पा पाहून सोडते. स्वतःच्या कष्टाच्या पैशाने घर बांधणारा माणूस तेवढा या सगळ्यातून सुटतो.

कायद्याचा आधारही त्याला तोकडा आहे. 2016 चा रेरा कायदा फ्लॅट घेणाऱ्यासाठी आला. आपल्याच प्लॉटवर ठेकेदाराकडून घर बांधून घेणारा त्याच्या कक्षेत येत नाही. 1993 च्या दुरुस्तीपासून घरबांधणी ग्राहक कायद्यात सेवा म्हणून धरली जाते, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. पण तिथंही पहिला प्रश्न हाच येतो की ठरलं काय होतं, आणि ते सिद्ध कशाने करणार? कागद नसेल तर उत्तर नसतं.

एका घराची हकीकत सांगतो, म्हणजे हे काम नेमकं काय असतं ते कळेल. नवरा-बायको, मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, दोघंही चांदीच्या धंद्यातले. त्याचा छोटा कारखाना, ती घरी पैंजणांची जोडणी करते आणि आठ-दहा बायकांना घुंगरं जोडायला देते. त्यांना खाली कारखाना आणि वर राहतं घर बांधायचं होतं. 2021 च्या दिवाळीत ठेकेदाराशी बोलणं झालं होतं, मटेरियलसह फुटाला 1,650 रुपये. ठेकेदार वहिनींचा मावसभाऊ, कामाला चांगला, गावात नाव असलेला. खोदाई सुरू व्हायच्या आत त्यांनी मला बोलावलं, तेही एका शेजाऱ्याने आग्रह केला म्हणून. दादा अवघडूनच म्हणाले, “साहेब, पाव्हण्याकडनं लिहून मागायचं म्हंजे कसं वाटतंय?”

मी म्हणालो, “चांदी देताना पावती करता की नाही? तेच आहे हे.”

पहिलं काम नकाशा घेऊन क्षेत्रफळ काढायचं. नकाशावरून दोन्ही मजले मिळून बांधकाम भरत होतं 1,960 चौरस फूट. ठेकेदाराच्या हिशेबाने ते होतं 2,300. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आमच्या भागात बरेच ठेकेदार स्लॅबच्या बाहेरच्या कडेने मोजतात. त्यात छज्जे येतात, बाल्कनी पूर्ण धरली जाते, जिन्याची टोपी येते, पाण्याच्या टाकीचं छतही येतं. फरक 340 फुटांचा. 1,650 ने गुणलं तर 5 लाख 61 हजार. दादांच्या मनात घर सव्वाबत्तीस लाखांचं होतं, पाहुण्यांच्या मनात अडतीस लाखांचं, आणि दोघंही एकाच आकड्यावर चहा पिऊन उठले होते. हा फरक बाहेर कधी आला असता? शेवटच्या बिलाला, रंगाचं काम चालू असताना, वास्तुशांतीच्या पत्रिका छापून झाल्यावर. त्या वेळी तो भांडण होऊनच आला असता. खोदाईच्या आधी आला म्हणून तो बोलण्याचा विषय राहिला. छज्जे निम्मे धरायचे, टाकी आणि कंपाउंड वेगळ्या दराने, असं ठरवून ते कागदावर घेतलं.

त्यानंतर घर सुट्या कामांत मोडायचं. खोदाई, मुरुमाची भर, पाया, कॉलम, बीम, स्लॅब, वीटकाम, आतला गिलावा, बाहेरचा गिलावा, फरशी, दारं-खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग. प्रत्येकासमोर परिमाण, एकक, दर, रक्कम. आमच्याकडच्या काळ्या मातीत पाया हा सगळ्यात बेभरवशाचा खर्च. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि कठीण मुरूम कुठं लागेल ते खोदल्याशिवाय कळत नाही. म्हणून पायाचं काम सरसकट दरात कोंबायचं नाही, खोलीप्रमाणे मोजून द्यायचं. ठरल्यापेक्षा फूटभर खाली जावं लागलं तर ठेकेदाराला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर तो खाली जायलाच टाळाटाळ करेल. ते मालकाच्या घरासाठी धोक्याचं आहे.

याच बैठकीत कारखान्याच्या फरशीचा विषय निघाला. चांदीच्या कारखान्यात केर म्हणजे नुसता केर नसतो, त्यात किसाचे आणि तारांचे कण असतात. रोजचा केर साठवून त्यातली चांदी परत काढली जाते. दादांना फरशी अशी हवी होती की सांध्यात कण अडकणार नाही. भिंतीच्या कडेलाही गोलाई हवी, म्हणजे झाडू कोपऱ्यातून सहज फिरेल. चांदी आटवायच्या खोलीला धूर जायला वाट, यंत्रांच्या जागी जाड काँक्रीट, थ्री-फेज वायरिंग. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, पण ठेकेदाराच्या दरात नव्हतं. न बोललेली अशी एकेक गोष्ट पुढं ‘एक्स्ट्रा’ म्हणून येते, आणि एक्स्ट्राचा दर नेहमी मालक अडलेला असताना ठरतो. आम्ही ती सगळी यादी आधीच दरासकट लिहून घेतली.

काम सुरू झाल्यावर साइटवरची वही कोण ठेवणार हा प्रश्न होता. मी रोज तिथं असू शकत नव्हतो. वहिनी म्हणाल्या, “मी ठेवते की. घुंगरांची वही ठेवतेच हाय.” पुढच्या काळात मी पाहिलेल्या उत्तम साइट-रजिस्टरांपैकी ते एक ठरलं. आलं, वापरलं, शिल्लक असे तीन रकाने, समोर गवंडी किंवा मुकादमाची सही.

वाळूचा पहिला डंपर आला तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. नदीची वाळू आता दुर्मिळ आणि महाग, म्हणून बहुतेक कामं क्रश सँडवर होतात. विकली जाते ती ब्रासवर. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. चलनावर अडीच ब्रास लिहिलं होतं. डंपरची आतली लांबी 11 फूट, रुंदी 7 फूट. गाडी फाळक्यापर्यंत भरलेली दिसत होती आणि चालक तेच सांगत होता. मी एक बारीक सळी घेऊन वर चढलो, चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी तळापर्यंत खुपसली आणि बोटाने खूण धरून टेपवर मोजली. मध्ये 3 फूट, कोपऱ्यांत अडीच. पाचांची सरासरी 2.6. 11 गुणिले 7 गुणिले 2.6 म्हणजे दोनशे घनफूट, दोन ब्रास. वहिनी खाली उभ्या राहून आकडे लिहून घेत होत्या. अर्धा ब्रास कमी. चालकाने वाद घातला नाही, चलन दुरुस्त करून दिलं. पुढच्या प्रत्येक गाडीवर वहिनींनी मुकादमाला वर चढवलं आणि सळी खुपसायला लावली. काही गाड्यांनंतर माल पुरता भरून यायला लागला.

वाळू ओली असेल तर फुगते हेही मी त्यांना दाखवलं. थोडा ओलावा असलेली बारीक वाळू कोरडीपेक्षा पाव हिश्शापर्यंत जास्त जागा घेऊ शकते. म्हणजे ओली वाळू मापाने घेतली तर आपण पाण्याने फुगलेल्या जागेचेही पैसे देतो, आणि घमेल्याने मोजून काँक्रीट केलं तर त्यात वाळू कमी पडते. टंच समजणाऱ्या बाईला हे एकदाच सांगावं लागलं.

लोखंडाचंही तसंच. सळीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, 162 ने भागायचं, की मीटरला किती किलो ते मिळतं. 12 मिलिमीटरची 12 मीटर लांबीची सळी साधारण 10.66 किलो भरायला हवी. काट्याचं वजन आणि सळ्यांची मोजणी ताडून पाहिली की माल पूर्ण आहे का ते कळतं, आणि सळी प्रमाणापेक्षा हलकी आहे का तेही कळतं. हलकी सळी हा पैशाचा प्रश्न नंतरचा, आधी तो छताखाली झोपणाऱ्यांचा प्रश्न आहे.

पहिला स्लॅब पडला त्या रात्री वहिनींनी वही माझ्यासमोर ठेवली. एम-20 काँक्रीटला घनमीटरमागे साधारण आठ पोती सिमेंट धरतात. स्लॅब आणि बीम मिळून बारा घनमीटर, म्हणजे शहाण्णव पोती. वहीत वापर होता अठ्ठ्याण्णव. त्यांनी विचारलं, “सिमेंटला घट किती धरायची?”

बांधकामावर हा प्रश्न इतका नेमका मला इंजिनिअरांनीही क्वचित विचारला आहे. सिमेंटला दोन-तीन टक्के, लोखंडाला तीन ते पाच, फरशीला पाच आणि तिरकी बसवली तर त्याहून जास्त. हे प्रमाण मान्य केलं की गवंड्यावर विनाकारण संशय जात नाही, आणि त्याच्या पलीकडे गेलं की विचारता येतं. दोन पोती घट चालण्यासारखी होती. वहिनींनी समोर ‘बरोबर’ लिहिलं.

खरी कसोटी 2022 च्या उन्हाळ्यात लागली. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि आधीच चढत असलेलं लोखंड आणखी वर गेलं. दिवाळीत किलोला साठच्या आसपास मिळणारी सळी एप्रिलमध्ये पंच्याहत्तरच्या पुढं गेली. आसपासची कित्येक कामं थांबली. ठेकेदार म्हणत, या दरात परवडत नाही. मालक म्हणत, शब्द दिला होता. दोघांचंही खरं होतं. आमच्या करारात भावफरकाचं कलम होतं: लोखंड आणि सिमेंटचा मूळ दर लिहिलेला, त्याहून ठरावीक मर्यादेबाहेर वाढला तर फरक मालकाने द्यायचा, उतरला तर ठेकेदाराने. तरीही पाहुण्यांनी, ते इतर ग्राहकांना सांगत होते तसंच, इथंही फुटाला दीडशे रुपये वाढवून मागितले. 1,960 फुटांना ते 2 लाख 94 हजार होत होते.

आम्ही दादांच्या माडीवर बसलो. मी वही उघडली. उरलेलं लोखंड पाच टन, किलोमागे सोळा रुपये वाढ, म्हणजे 80 हजार. उरलेलं सिमेंट सातशे पोती, पोत्यामागे तीस रुपये, म्हणजे 21 हजार. डिझेलमुळे वाळू-खडीच्या वाहतुकीत वाढ 15 हजार. एकूण 1 लाख 16 हजार. गवंड्यांची मजुरी, दारं, रंग यांत त्या महिन्यांत फरक पडला नव्हता, म्हणून त्यांवर वाढ लागत नव्हती. पाहुण्यांनी स्वतःच्या मोबाइलवर दोनदा गुणाकार करून पाहिला. मग म्हणाले, “एवढं मिळालं तरी माझं भागतंय. आकडा कुणी काढून दिला न्हवता, म्हणून अंदाजानं बोललो.”

पुढं 21 मे रोजी केंद्र सरकारने पोलादावर निर्यात शुल्क जाहीर केलं आणि लोखंडाचे भाव खाली आले. शेवटचा स्लॅब उतरलेल्या दरात झाला. फरक प्रत्यक्ष बिलांवर द्यायचा ठरला असल्याने दादांना द्यावी लागलेली रक्कम एक लाखाच्याही आत राहिली. फुटाला सरसकट दीडशे वाढवले असते तर भाव उतरल्यावर ते कुणीच परत केले नसते, आणि वाढवलेच नसते तर ठेकेदाराने तो तोटा फरशीत, वायरीत, नळाच्या पाइपात भरून काढला असता. त्या बैठकीनंतर मालकाइतकाच ठेकेदारही मोजमापाच्या बाजूचा झाला.

मला या कामातली मोठी गोष्ट हीच वाटते. लोक मला बोलावतात ते ठेकेदारावर नजर ठेवायला. पण बिल तपासताना ठेकेदाराचं राहून गेलेलं कामही मीच दाखवतो. गिलाव्याचं माप घेताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान खिडकीची वजावट करायची नसते, कारण तिच्या कडांना गवंड्याचे कष्ट जास्त लागतात. भारतीय मानक 1200 मध्ये हे लिहिलेलं आहे. कित्येक मालक सगळ्या खिडक्या वजा करून गवंड्याचे पैसे कापतात. तिथं मला मालकाला थांबवावं लागतं. माप दोघांचं असतं. एकाच्याच बाजूने धरलेल्या टेपने घर उभं राहत नाही.

पैसे देण्याचा क्रम हा दुसरा महत्त्वाचा भाग. आमच्याकडे प्लिंथला एवढे, स्लॅबला एवढे असे हप्ते ठरतात आणि सुरुवातीचे हप्ते जड असतात. स्लॅब पडेपर्यंत दोन तृतीयांशाहून जास्त पैसे निघून जातात. प्रत्यक्षात पाया आणि सांगाडा मिळून साधारण निम्मं काम झालेलं असतं. गिलावा, फरशी, दारं, नळ, वायरिंग, रंग या कामांना उरलेलं निम्मं लागतं. सांगाडा उभा, बाहेरून गिलावा नाही, अशी घरं आपल्याला गावोगाव दिसतात. त्यातली बरीच या क्रमामुळे अडकलेली असतात. मी हप्ता झालेल्या कामाच्या मोजमापावर बांधतो आणि पाच टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवायला सांगतो. गच्चीची गळती पहिल्या पावसात कळते, आणि राखलेले पैसे असले की ठेकेदार दुरुस्तीला आपण होऊन येतो.

हुपरीत याला आणखी एक पैलू आहे. इथल्या घराचा पैसा चांदीच्या भावाबरोबर हलतो. 2025 मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा टप्पा ओलांडला. बाहेरच्याला वाटतं की चांदीचं गाव म्हणजे मालामाल झालं असेल. पण मजुरी करणाऱ्याच्या घरी भाव चढला म्हणजे गिऱ्हाईक थांबतं, माल कमी निघतो, हातचं काम कमी होतं. म्हणून अंदाजपत्रकाबरोबर मी महिन्याचा तक्ताही करतो: कुठल्या महिन्यात किती पैसे लागतील, आणि काम थांबवायची वेळ आली तर कुठं थांबवणं सुरक्षित. प्लिंथवर थांबता येतं. उघड्या सळ्या ठेवून पावसाळ्यात थांबलं की गंज चढतो आणि मग तोटा दुप्पट.

या सगळ्याची फी मी घराच्या खर्चाच्या दीड टक्का घेतो. बत्तीस-तेहेतीस लाखांच्या घराला पन्नास हजारांच्या आत. ज्यांना तेवढंही शक्य नाही त्यांना मी सांगतो की निदान अंदाजपत्रक आणि करार एवढं तरी करून घ्या, वही घरातल्या माणसाने ठेवा. नुसत्या मजुरीवर काम देऊन माल स्वतः आणायचा असेल तर एकट्या घराच्या निव्वळ मजुरी-कामावर जीएसटी लागत नाही, पण मग मालाचा हिशेब पूर्णपणे तुमच्या गळ्यात पडतो. तेव्हा तर वहीशिवाय पाऊलच टाकू नये.

गारगोटीत, इचलकरंजीत, कोल्हापुरात दर वर्षी शेकडो मुलंमुली सिव्हिल शिकून बाहेर पडतात. बहुतेकांची नजर पुण्याच्या साइटवर असते, माझीही होती. पण मोठ्या बिल्डरकडे मोजणारी माणसं आधीच आहेत. काट्याची गरज आहे ती तीन गुंठ्यांत घर बांधणाऱ्या कुटुंबाला. त्याचा एक लाख चुकला तर तो भरून यायला काही वर्षं जातात, मुलीचं शिक्षण लांबतं, दागिना मोडावा लागतो. गावोगावच्या चार-पाच मुलांनी जरी हे काम मनापासून धरलं तरी त्यांना पोटापुरतं मिळेल आणि गावाला आधार होईल. आमच्या नगरपरिषदेने बांधकाम परवान्याबरोबर मराठीतल्या साध्या अंदाजपत्रकाचा आणि कराराचा एक नमुना दिला, तर त्याला खर्चही येणार नाही.

दादांच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा पंगतीला पाहुणे होते आणि वाढायलाही तेच पुढं होते. नंतर त्यांनी दोन नवी कामं घेतली. दोन्ही मालकांना त्यांनी स्वतःच सांगितलं, आधी माप काढून घ्या, मग दर बोलू. चांदीत आमच्या गावाने हे पिढ्यान्‌पिढ्या पाळलं आहे. विश्वास ठेवायचा म्हणूनच तोलून द्यायचं. घरालाही तोच नियम लावला, तर कर्ज काढून बांधलेल्या घरात माणसं एकमेकांशी बोलत राहतील.